डॉक्टर नाही, लॅबमध्ये आहे

आपल्या मंडळाच्या गणपतीत आरती संपून प्रसादाची रांग लागली, की एक प्रश्न हमखास कानावर पडतो. "काय मग, लेक काय करतेय?" तीन-चार वर्षांपूर्वीपर्यंत मी छाती पुढे काढून उत्तर द्यायचो, "मेडिसिनचं बघतोय." यातल्या 'बघतोय' या शब्दाकडे जरा लक्ष द्या. बघत होतो मी. लेकीला काय हवंय, हे मी विचारलंच नव्हतं. त्या चुकीची ही गोष्ट आहे. ज्यांच्या घरात अकरावी-बारावीतलं मूल आहे त्यांना तिचा थोडाफार उपयोग होईल, आणि ज्यांची मुलं हाताखालून गेली आहेत त्यांची निदान करमणूक तरी होईल, या हिशेबाने लिहायला बसलोय.

मी मूळचा मिरजेचा. मिरज म्हणजे तंबोरे आणि दवाखाने. एकीकडे सतारमेकर गल्ली, दुसरीकडे मिशन हॉस्पिटल. हे हॉस्पिटल १८९४ साली सुरू केलं ते सर विल्यम वानलेस यांनी, आणि गंमत म्हणजे हे वानलेससाहेब जन्माने आपल्या ओंटारिओचे! ते ओंटारिओतून मिरजेला गेले आणि मी मिरजेतून ओंटारिओला आलो. त्यांनी तिकडे हॉस्पिटल उभं केलं, मी इकडे बँकांची सॉफ्टवेअर सांभाळतो. या देवाणघेवाणीत मिरजेचाच जास्त फायदा झाला, हे मला मोकळ्या मनाने मान्य आहे.

अशा गावात वाढलेल्या मुलाला डॉक्टर व्हावंसं वाटलं नाही तरच नवल. पुढे १९६२ साली सरकारी मेडिकल कॉलेजही आलं, त्यामुळे गल्लीत कुणाचा ना कुणाचा मुलगा पांढरा कोट हातावर टाकून रुबाबात चाललेला दिसायचाच. मी १९९५ साली बारावी झालो. फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायोलॉजीची बेरीज थोडक्यात कमी पडली आणि मेडिकल हुकलं. पेमेंट सीटचा विचार आमच्या घरात शक्यच नव्हता. गणित घेतलेलं होतं म्हणून सांगलीला इंजिनिअरिंगला गेलो, २००१ साली मास्टर्स करायला विंडसरला आलो आणि इथलाच झालो. तक्रार काहीच नाही. पण एखादी ठुसठुस असते ना, थंडी पडली की जाणवणारी, तसं ते 'हुकलं' माझ्या आत बसून होतं. आणि कॅनडात थंडी काय, आठ महिने असते!

आमच्या घरात हुकलेली मी पहिली व्यक्ती नव्हे. माझी आत्या माझ्या आधी हुकली होती. म्हणजे तिचं हुकलं नव्हतं, हुकवलं होतं. तिला मार्क होते. पण मुलीच्या डॉक्टरीवर इतकी वर्षं आणि इतका पैसा घालायला आजोबा तयार झाले नाहीत. ती बी.एस्सी. झाली, लॅबचा कोर्स केला आणि गावातल्याच एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मायक्रोस्कोपसमोर जी बसली ती पस्तीस वर्षांनी उठली. लग्न केलं नाही. पाहुण्यांना तिची ओळख करून देताना आमचे अण्णा ठरलेलं वाक्य म्हणायचे, "ही माझी बहीण. डॉक्टर नाही, लॅबमध्ये आहे." त्यात वाईट हेतू नसायचा. पण वाक्य 'नाही'ने सुरू व्हायचं, हे आत्याला ऐकू येत असणारच.

आता लेकीकडे येतो. अकरावीत असताना तिला बायोलॉजीत उत्तम मार्क पडायला लागले आणि माझी ठुसठुस जागी झाली. मी व्यवसायाने कन्सल्टंट. माझ्या हातात कुठलाही प्रश्न दिला, की मी आधी एक्सेल शीट उघडतो. तसं उघडलं. आणि तेव्हा कळलं, की इथली पद्धत आपल्या डोक्यातल्या पद्धतीपेक्षा पार वेगळी आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आपल्याकडे बारावीनंतर थेट एम.बी.बी.एस. असतं. कॅनडात क्वेबेकची सेजेपची वाट आणि एखाद-दुसरा अपवाद सोडला तर तसं नाही. आधी काही वर्षं, बहुतेकांची चार, युनिव्हर्सिटीत काढायची, मग मेडिसिनला अर्ज करायचा. त्यासाठी युनिव्हर्सिटीतले मार्क, बहुतेक ठिकाणी एमकॅटची परीक्षा, केलेल्या कामांची यादी आणि मुलाखत. त्या मुलाखतीची सध्याची तऱ्हा, म्हणजे आठ-दहा खोल्या आणि प्रत्येक खोलीत नवा प्रसंग, ही आपल्या हॅमिल्टनच्या मॅकमास्टरने जगाला दिलेली देणगी! मेडिसिनची तीन-चार वर्षं झाली की रेसिडेन्सी. फॅमिली डॉक्टरला दोन वर्षं, बाकीच्यांना बहुधा चार-पाच किंवा त्याहून जास्त. आमच्या ओंटारिओत कित्येक वर्षं मेडिसिनच्या सहाच शाळा होत्या. सातवी ब्रॅम्प्टनला २०२५ च्या सप्टेंबरात सुरू झाली, तिची पहिली तुकडी ९४ जणांची. आणि अर्ज इतके येतात, की क्वीन्सने २०२४ मध्ये जाहीर केलं, किमान अटी पूर्ण करणाऱ्यांमधून पुढच्या फेरीसाठी आता लॉटरी काढणार! आपल्याकडे नशिबाला दोष देतात. इथे त्याला रीतसर प्रवेशप्रक्रियेत घेतलं.

मग ही आधीची चार वर्षं कशात काढायची? इथे येतं बायोमेडिकल सायन्स. आपल्या पार्ट्यांमध्ये याचं नाव 'बायोमेड' असं लाडाने घेतात आणि त्याचा अर्थ असा धरतात, की हा मेडिसिनचा वेटिंग रूम. इथे बसायचं, नाव पुकारलं की आत जायचं. मी शोधायला लागलो तेव्हा कळलं, की असं काही नाही. मेडिसिनला जायला बायोमेडच हवं अशी अट नाही. मॅकमास्टर तर विज्ञानाचे ठराविक विषयही मागत नाही, इतिहास किंवा संगीत शिकलेला मुलगाही अर्ज करू शकतो. आणि उलट बाजूने बघितलं तर नुसती बायोमेडची पदवी म्हणजे कुठलंही लायसन्स नाही. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्नॉलॉजिस्ट व्हायचं तरी त्याचं वेगळं शिक्षण आणि वेगळी परीक्षा. जेनेटिक कौन्सेलर व्हायचं तर मास्टर्स. संशोधन करायचं तर पीएच.डी., आणि त्यानंतर पोस्टडॉकचा वनवास.

माझ्या एक्सेलमध्ये हा सगळा कॉलम लाल दिसायला लागला. चार वर्षं घालवायची, वर पुन्हा नशिबावर हवाला? मग मी दुसरा कॉलम उघडला. आयर्लंड! बारावीनंतर थेट मेडिसिन, पाच-सहा वर्षांत डॉक्टर. शिवाय भारतातला एनआरआय कोटा, पण त्यालाही नीट द्यावीच लागते, आणि आमच्या लेकीला नीटची तयारी म्हणजे नव्याने जन्म घेण्यासारखं. म्हणून आयर्लंडच. फीचा आकडा बघून बायकोने डोळे मिटून घेतले. मी मात्र आकडे जुळवत राहिलो आणि एके रात्री ते जुळले. मिरजेच्या घरातला माझा हिस्सा विकला तर जमत होतं.

त्या घरात आत्या राहते.

धाकट्या भावाशी फोनवर बोललो. तो "बघू" म्हणाला. आत्याला सांगायचं धाडस दोघांनाही झालं नाही. मनाची समजूत अशी घातली, की आत्याला भाऊ पुण्याला नेईल, तिकडे सोय चांगली होईल, नाहीतरी जुनं घर पावसात गळतंच. आपल्याला हवं ते करायचं असलं की कारणं कशी रांगेत येऊन उभी राहतात!

आयर्लंडच्या कॉलममध्ये एक ओळ मी जाणूनबुजून फिकट रंगात ठेवली होती. बाहेर शिकून आलेला डॉक्टर, मग तो टोरांटोत जन्मलेला का असेना, कॅनडात रेसिडेन्सी मिळवताना परदेशी डॉक्टर धरला जातो आणि त्यांच्यासाठीच्या जागा थोड्या असतात. आपल्यापैकी प्रत्येकाला असे एक-दोन डॉक्टर माहीत आहेत, जे तिकडे नावाजलेले होते आणि इथे येऊन परीक्षांवर परीक्षा देत दुसरंच काम करत राहिले. मलाही माहीत होते. तरी ती ओळ फिकट.

२०२२ च्या जुलैत आम्ही मिरजेला गेलो. कोविडमुळे तीन वर्षांनी. मुसळधार पाऊस, माजघरात दोन ठिकाणी बादल्या ठेवलेल्या, आणि आत्या, वय बहात्तर, नेहमीसारखी ताठ. दुसऱ्या दिवशी दुपारी लेक तिच्याशेजारी बसून लसूण सोलत होती. मी सोप्यात वर्तमानपत्र वाचत होतो, म्हणजे वाचायचं सोंग करत होतो. लेकीने तिला विचारलं,

"आत्याआजी, डॉक्टर नाही झालीस, त्याचं तुला वाईट वाटलं?"

मला वाटलं, आत्या म्हणेल, छे गं, त्यात काय. पण आत्या म्हणाली, "वाटलं की. चांगली पाच-सहा वर्षं वाटलं. रस्त्यात कॉलेजची पोरं दिसली की मी गल्ली बदलायची. मग एक स्लाइड आली."

आणि तिने ती गोष्ट सांगितली. क्षयाचा संशय असलेल्या एका पोराची थुंकी तपासायला आलेली. स्लाइडवर लाल रंग चढवायचा, खालून गरम करायचं, मग आम्लाने धुवायचं. बाकी सगळ्याचा लाल रंग निघून जातो, क्षयाचे जंतू तो सोडत नाहीत. वरून निळा रंग दिला, की निळ्यात लाल काड्या दिसतात. पोराच्या पहिल्या दोन स्लाइड्स निगेटिव्ह. पण डॉक्टरांनी पोराची छाती ऐकली, उतरलेलं वजन बघितलं आणि लॅबची वाट न बघता औषध सुरू केलं. तिसरी स्लाइड आत्याकडे आली तेव्हा बाकीचे म्हणाले, आता कशाला बघतेस, औषध तर चालू झालं. पण नियम असा, की शंभर फील्ड बघितल्याशिवाय निगेटिव्ह लिहायचं नाही. फील्ड म्हणजे मायक्रोस्कोपमधून एका वेळी दिसणारा गोल. आत्या एकेक गोल सरकवत गेली. ऐंशीच्या पुढे कुठेतरी तिला दोन काड्या दिसल्या. दोनच.

"डॉक्टर थांबले असते तर चुकले असते," आत्या म्हणाली, "आणि मी घाई केली असती तर मी चुकले असते. दोघांचं काम वेगळं असतं, बाळ. त्यांना सगळं कळायच्या आत हात घालायला लागतो. आपण सगळं बघितल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. त्या दिवसापासून मी गल्ली बदलायची सोडली."

मग आवाज जरासुद्धा न चढवता तिने सोप्याकडे बघून म्हटलं, "आणि अरे, घर विकायचं तर विक. मी कुठेही राहीन. पण पोरीला विचारून विक."

माझ्या हातातलं वर्तमानपत्र उलटं होतं की सुलटं, मला आठवत नाही. भावाने सांगितलं असेल, किंवा तिने ओळखलं असेल. पस्तीस वर्षं ज्या बाईने दोन-दोन काड्या शोधल्या, तिच्यापासून घर विकण्याचा बेत लपणार होता थोडाच!

औषध आत्यानेच लिहून दिलं. "पोरीला थोडे दिवस लॅबमध्ये बसव, थोडे दिवस दवाखान्यात. कुठे घड्याळाकडे लक्ष जातं ते बघ." तिच्या हाताखाली शिकलेल्या एकाची आता स्वतःची लॅब आहे. लेक तिथे तीन आठवडे जाऊन बसली. पेशंटच्या नमुन्यांना हात लावायचा नाही, शिकवण्यासाठी ठेवलेल्या जुन्या स्लाइड्स बघायच्या आणि बाकीच्यांचं काम बघायचं, एवढीच परवानगी. ती रोज जेवायला उशिरा यायची. परत आल्यावर, बारावीच्या वर्षात, इथल्या एका हॉस्पिटलमध्ये तिने व्हॉलंटिअरिंग केलं. इमर्जन्सीच्या वेटिंग एरियात लोकांना वाट दाखवणं, ब्लँकेट आणून देणं. तिथेही ती मनापासून जायची. पंजाबी आजींशी मोडक्या हिंदीत गप्पा मारायची. मी आशेने बघत होतो. बापाचं मन, लगेच सुधारत नाही.

डिसेंबरात, ओंटारिओच्या युनिव्हर्सिटींचे अर्ज भरायच्या सुमाराला, ती जेवणाच्या टेबलावर येऊन बसली. म्हणाली, "बाबा, हॉस्पिटलमध्ये सगळे एकच प्रश्न विचारत असतात, 'आता काय करायचं?' पेशंट तेच विचारतो, नर्स तेच विचारते, डॉक्टरही स्वतःला तेच विचारतो. आणि माझ्या डोक्यात सारखं येतं, 'हे असं का झालं?' तिथे थांबून त्याचा विचार करायला वेळच नसतो, आणि नसायलाच हवा. मला ते जमणार नाही असं नाही. पण मला रोज ते करायचं नाही. तू मला मार्क विचारलेस, पेशंट आवडतात का विचारलंस, भीती वाटते का विचारलंस. मला कुठला प्रश्न आवडतो हे कधीच विचारलं नाहीस."

मी एक्सेल बंद केलं. खरं सांगायचं तर लगेच नाही केलं. दोन दिवस रागातच होतो. तिसऱ्या दिवशी आईचं इन्सुलिन संपलं म्हणून आणायला फार्मसीत गेलो आणि तिथल्या रांगेत उभा असताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

इन्सुलिन म्हणजे आपल्या टोरांटोचा अभिमान. आपण सगळ्यांना बँटिंगचं नाव सांगतो. बँटिंग डॉक्टर होते, सर्जन. कल्पना त्यांची, धडपड त्यांची, घाईही त्यांची. पण त्यांच्यासोबत कुत्र्यांवर प्रयोग करणारा चार्ल्स बेस्ट हा तेव्हा नुकताच बी.ए. झालेला पोरगा होता, शरीरशास्त्र आणि बायोकेमिस्ट्री शिकलेला. ११ जानेवारी १९२२ ला टोरांटो जनरलमध्ये चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला पहिलं इंजेक्शन दिलं. साखर थोडीशी उतरली, पण टोचलेल्या जागी गळू झालं आणि थांबावं लागलं. मग जेम्स कॉलिप नावाच्या बायोकेमिस्टने रात्रंदिवस खपून तो अर्क शुद्ध केला आणि २३ जानेवारीला पुन्हा दिला. या वेळी मुलगा सुधारला. त्या मुलाच्या उशाशी डॉक्टर थांबला असता तर उपयोग नव्हता, आणि लॅबमध्ये कॉलिपने घाई केली असती तरी नव्हता. म्हणजे आत्याच्या स्लाइडचीच गोष्ट! १९२३ चं नोबेल बँटिंग आणि मॅक्लाऊड यांना मिळालं. बँटिंगनी आपली रक्कम बेस्टबरोबर वाटून घेतली, मॅक्लाऊडनी कॉलिपबरोबर. आणि बेस्ट पुढे १९२५ साली डॉक्टरही झाले, म्हणजे वाट नंतरही बदलता येते. पुढे १९६१ मध्ये याच शहरात स्टेम सेल्सचा पहिला भक्कम पुरावा मिळाला तोही एका जोडीला. मॅकलॉक डॉक्टर होते आणि टिल हे फिजिक्सवाले.

आपल्याकडेही हेच. दुर्गाबाई भागवतांचं नाव प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक. त्यांची धाकटी बहीण कमला सोहोनी यांचं किती जणांना? बंगळूरच्या इन्स्टिट्यूटमध्ये सी. व्ही. रामन यांनी त्यांना मुलगी म्हणून आधी नाकारलं, मग अटी घालून घेतलं. त्यांनी १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. मिळवली आणि मुंबईला परत येऊन कडधान्यांवर, नीरेवर काम केलं, ते गरिबाच्या पोराच्या पोटात काय जातं हे कळावं म्हणून. त्यांनी एकही नाडी बघितली नाही. त्यांचा उपयोग किती पेशंटांना झाला, हे कोण मोजणार?

तर लेकीने बायोमेडिकल सायन्स घेतलं. वेटिंग रूम म्हणून नव्हे, तिथेच जायचं म्हणून. यंदा ती तिसऱ्या वर्षाला आहे. अँटिबायोटिक्सना दाद न देणाऱ्या जंतूंवर काम करणाऱ्या एका लॅबमध्ये गेल्या उन्हाळ्यात तिने काम केलं. पगार माझ्या एका दिवसाच्या बिलापेक्षा किती कमी, हे मी तिला सांगितलं नाही. (सांगितलं. पण एकदाच.) पुढे मास्टर्स, बहुधा पीएच.डी. नोकऱ्या सोप्या नाहीत, हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. "कधी वाटलं तर एमकॅटही देईन," ती म्हणते, "पण तू एक्सेल उघडू नकोस."

आपल्या मंडळातली बरीच मुलं डॉक्टर होतील आणि व्हायलाच हवीत. फॅमिली डॉक्टर मिळत नाही म्हणून आपण किती कुरकुरतो! ज्या मुलाला 'आता काय करायचं' हा प्रश्न हाक मारतो, त्याने लॉटरी असो नाहीतर आठ खोल्या, जरूर जावं. माझं म्हणणं एवढंच, की बायोमेडला पाठवताना मुलाला दुसरा प्रश्नही विचारा. नाव पुकारलं गेलं नाही, तरी या खोलीत बसायला आवडेल का? उत्तर 'नाही' असेल तर खोली बदला. चार वर्षं हा लहान काळ नाही.

मिरजेचं घर आहे तिथेच आहे. माझ्या हिश्श्याच्या पैशाऐवजी मी आणि भावाने मिळून गेल्या उन्हाळ्यात कौलं बदलली. यंदाच्या पावसात माजघरात बादली ठेवायला लागली नाही, असं आत्याने फोनवर सांगितलं. मग विचारलं, "पोरगी शंभर फील्ड बघते का, की मशीनच बघतं सगळं?" मी म्हटलं, मशीनही बघतं आणि तीही बघते. "बरं," म्हणाली आणि फोन ठेवला. तिच्याकडून 'बरं' म्हणजे पुष्कळ झालं.

यंदाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत एका काकांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "काय मग, लेक डॉक्टर होतेय ना?"

अण्णांचंच वाक्य तोंडात आलं, पण मी ते उलटं केलं. म्हटलं, "लॅबमध्ये आहे. डॉक्टर नाही."

काकांनी पुढे काही विचारलं नाही. प्रसादाचा शिरा मात्र झकास झाला होता.